हातघाईची विद्या

मुलांनो, ‘प्रकरण हातघाईवर आले’ हा शब्दप्रयोग तुम्ही अनेकदा ऐकला असेल. दोन शेजाऱ्यांचे भांडण शब्द सोडून धक्काबुक्कीवर गेले, की आपण तो सहज वापरतो. परंतु हा शब्द मुळात रणांगणावरचा आहे. बाण, गोळी आणि भाला यांनी राखलेले अंतर सरले, शत्रू हाताच्या टप्प्यात आला आणि दोन्ही दळे एकमेकांत मिसळली, म्हणजे युद्ध हातघाईचे झाले, असे म्हणत. तेथे नेमबाजाची नजर कामास येत नाही; मनुष्याचे अंग, त्याचे पाय आणि त्याचे धैर्य एवढेच त्याच्या साहाय्यास उरते.

आजचे युग क्षेपणास्त्रांचे आहे. शेकडो मैलांवरचे लक्ष्य अचूक टिपता येते आणि मनुष्यावाचून उडणारी विमाने शत्रूचा माग काढितात. असे असताही सैन्यात नव्याने भरती झालेल्या प्रत्येक तरुणास मोकळ्या हातांनी आणि संगिनीने लढण्याचे शिक्षण देतात. हे कशासाठी? बंदूक हाती असता मूठ वळण्यास का शिकावे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपण एका बंदरावरून निघू आणि तेथून लष्कराच्या मैदानावर जाऊ.

रत्नागिरी शहरास लागून, रत्नदुर्ग किल्ल्याच्या कुशीत मिरकरवाडा हे बंदर वसले आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील मोठ्या मासेमारी बंदरांत त्याची गणना होते. येथे कोणी मुसलमान, कोणी खारवी, कोणी भंडारी. परंतु समुद्रावर गेल्यावर सर्वांची जात खलाशाची. जून आणि जुलै या दोन महिन्यांत मासेमारी बंद असते. त्या काळात नौका शाकारून ठेवितात, जाळी दुरुस्त होतात, आणि एरवी सदैव गजबजलेला धक्का थोडा शांत होतो. मोसम सुरू झाला, की पहाटेच्या अंधारात नौका पुन्हा बाहेर पडू लागतात.

अशा नौकेवर प्रथमच गेलेल्या मुलास तांडेल काय शिकवितो? जाळे टाकणे नव्हे, सुकाणू धरणे तर मुळीच नव्हे. प्रथम त्याने उभे राहण्यास शिकावयाचे असते! पायांखालची फळी क्षणात वर येते, क्षणात खाली जाते. ताठ उभा राहणारा पहिल्या लाटेसरशी पडतो. पाय खांद्यांइतके फाकलेले, गुडघे किंचित वाकलेले, अंगाचा भार खाली आणि दृष्टी पुढे, असे जो उभा राहतो तोच टिकतो. पुढे जाळे ओढण्याची वेळ येते, तेव्हा त्यास दुसरी गोष्ट समजते. नुसत्या दंडाच्या बळाने दोर ओढू लागल्यास मनुष्य घटकाभरात थकतो. पाय रोवून, कमरेतून आणि पाठीतून जोर लावावा लागतो. आणि तोही सर्वांनी एका ठेक्यावर, एकाच वेळी. लाटेशी झुंजून कोणी जिंकत नाही. तिचा कल ओळखून त्याप्रमाणे अंग वळविणारा खलाशीच सुखरूप घरी येतो.

आता असा एखादा तरुण सैन्यात भरती झाला, असे समजा. कोकणातील पुष्कळ तरुण मराठा लाइट इन्फंट्री या पायदळ रेजिमेंटमध्ये जातात. हिची सर्वांत जुनी पलटण १७६८ साली उभी राहिली. तिचे प्रशिक्षण केंद्र बेळगाव येथे आहे. तेथे जाण्यासाठी कोकणच्या मुलास सह्याद्रीचा घाट चढून वर जावे लागते. खाऱ्या वाऱ्याची सवय असलेल्या त्या मुलापुढे तांबड्या मातीचे विस्तीर्ण मैदान पसरलेले असते. सैन्यात नवशिक्या शिपायास रंगरूट म्हणतात आणि त्यास शिकविणाऱ्यास उस्ताद. भल्या पहाटे शिटी वाजते, आणि धावणे, दोरावर चढणे, खंदक ओलांडणे, ओझे पाठीवर घेऊन चालणे असा दिनक्रम सुरू होतो. अंग तयार झाल्यावाचून हातघाईची विद्या देता येत नाही. कारण थकलेल्या शरीरास डावपेच आठवत नाहीत.

या विद्येचा पहिला धडा ऐकून तुम्हांस नवल वाटेल. तो मारण्याचा नसून पडण्याचा असतो. रंगरुटास मऊ मातीवर उभे करून पुन्हा पुन्हा पाडतात. पडताना हनुवटी छातीशी घ्यावी म्हणजे डोके आपटत नाही. हात ताठ करून टेकू नये, कारण त्याने मनगट मोडते. पंजापासून कोपरापर्यंतचा सर्व हात एकदम जमिनीवर आपटावा म्हणजे धक्का वाटला जातो. मग अंग गोल करून लोळावे आणि त्याच वेगाने उठून उभे राहावे. पडण्याची भीती गेली, म्हणजे अर्धी भीती गेली. ज्यास पडून उठता येते तो प्रतिपक्ष्याच्या धक्क्याने गांगरत नाही.

दुसरा धडा उभे राहण्याचा. येथे बंदरावरचा मुलगा मनातल्या मनात हसत असेल. कारण पाय फाकून, गुडघे वाकवून, भार खाली ठेवून उभे राहणे त्याने नौकेवर कधीच आत्मसात केलेले असते! समतोल हाच या विद्येचा पाया आहे. उंच, धिप्पाड मनुष्याचा समतोल गेला, की तो लहान मुलाइतका दुबळा होतो. म्हणून प्रतिपक्षी ढकलू लागल्यास त्याच्या ढकलण्याच्याच दिशेने त्यास ओढावे, आणि तो ओढू लागल्यास त्याच्याकडेच झेपावे, असे उस्ताद सांगतात. त्याचेच बळ त्याच्या पतनास कारण होते. लाटेचा कल ओळखणाऱ्या खलाशास हे निराळे समजावून सांगावे लागत नाही.

यानंतर पकडीतून सुटण्याचे शिक्षण असते. कोणी मनगट घट्ट धरले तर घाबरून हात मागे ओढू नये. धरणाऱ्याची चार बोटे एका बाजूस आणि अंगठा एकटा दुसऱ्या बाजूस असतो; म्हणून पकड अंगठ्याच्या बाजूस सर्वांत दुबळी असते. त्या दिशेने मनगट वळवून झटका दिल्यास बलवानाच्या हातूनही सुटता येते. गळा धरला असता काय करावे, पाठीमागून मिठी पडली तर काय करावे, सुरा घेऊन कोणी चालून आला तर अंतर कसे राखावे, हे सर्व शेकडो वेळा करवून घेतात. शेकडो वेळा कशासाठी? प्रसंग आला असता विचार करण्यास अवकाश नसतो. तेव्हा बुद्धीने जाणलेले विसरते आणि अंगवळणी पडलेले तेवढे कामास येते.

शेवटी संगिनीचा अभ्यास येतो. बंदुकीच्या टोकास लावलेले पाते म्हणजे संगीन. पोत्यांत गवत भरून केलेले पुतळे समोर टांगलेले असतात आणि रंगरूट गर्जना करीत त्यांवर धावून जातो. मराठा लाइट इन्फंट्रीची रणगर्जना ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ ही आहे. गर्जनेने श्वास मोकळा होतो, मनाची धडधड दबते, आणि शेजारी आपले सोबती धावत आहेत याची प्रत्येकास जाणीव होते. जाळे ओढताना एका ठेक्यावर सर्वांचा जोर लागतो, तसेच हे आहे.

आपल्या इतिहासास ही विद्या नवी नाही. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवाजी महाराज आणि अफजलखान यांची भेट झाली. खान देहाने प्रचंड होता. केवळ बळाचा हिशेब केला असता तर त्या मिठीतून सुटका दिसत नव्हती. परंतु महाराज पूर्ण तयारीनिशी गेले होते. अंगरख्याखाली चिलखत होते आणि दगा झाल्यास काय करावयाचे हे आधीच ठरलेले होते. त्या दिवशी सावधपणाने बळावर मात केली. तलवार, दांडपट्टा, लाठी आणि विटा यांचे मर्दानी खेळ कोल्हापुरात आजही शिकवितात. खेड्यापाड्यांतील तालमींनी तर पिढ्यान् पिढ्या तांबड्या मातीत हाच धडा दिला, की अंगमेहनतीवाचून धैर्य टिकत नाही.

अर्वाचीन काळात या विद्येची कसोटी कोकणच्याच एका सुपुत्राने दिली. त्याचे नाव नाईक यशवंत घाडगे. आताच्या रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यात त्याचे गाव. दुसऱ्या महायुद्धात तो मराठा पलटणीबरोबर इटलीत लढत होता. त्या वेळी आपला देश परतंत्र होता. परंतु सोबत्यांचे रक्षण करणे हा शिपायाचा धर्म सर्वत्र एकच असतो. १० जुलै १९४४ रोजी त्याच्या कंपनीने शत्रूच्या बळकट ठाण्यावर चढाई केली. घाडगे एका लहान तुकडीचा नायक होता. अगदी जवळून मशीनगनचा भडिमार झाला, आणि त्याच्यावाचून तुकडीतील सर्वजण मारले तरी गेले किंवा घायाळ तरी झाले.

मागे फिरण्यास त्यास कोणी दोष दिला नसता. परंतु आपल्या पाठीशी कोणी उरले नाही, हे जाणूनही तो एकटा धावून गेला. प्रथम त्याने हातबाँब फेकून मशीनगन आणि ती चालविणारा यांस निकामी केले. दुसऱ्या एकास गोळी घातली. इतक्यात त्याच्या बंदुकीतील गोळ्या संपल्या. नवा साठा भरण्यास क्षणाचाही अवधी नव्हता. तेव्हा त्याने बंदूक नळीकडून धरली आणि तिचाच सोटा करून उरलेल्या दोघांशी हातघाई केली. ठाणे पडले, पण दूर दडलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्याच्या छातीत व पाठीत लागल्या आणि एकट्याने जिंकलेल्या त्या ठाण्यातच त्याने प्राण सोडला. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. त्यास मरणोत्तर ‘व्हिक्टोरिया क्रॉस’ हे त्या काळचे सर्वोच्च शौर्यपदक देण्यात आले. इटलीतील कॅसिनो येथील स्मारकावर त्याचे नाव कोरलेले आहे आणि माणगावात त्याचा पुतळा उभा आहे.

या कथेतील एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. शस्त्र निकामी झाले, सोबती उरले नाहीत, विचारास वेळ नव्हता. त्या क्षणी जे शिल्लक राहिले तेच हातघाईचे शिक्षण. आणि दुसरीही एक गोष्ट विसरू नका. ज्यांच्यावर तो तुटून पडला तेही कोणाचे तरी पुत्र होते. शूर शिपाई युद्धाचे गोडवे गात नाही. कारण गोळी दूरवर लागते, पण हातघाईत समोरच्या मनुष्याचा चेहरा दिसतो.

‘हे सर्व जुन्या युद्धांत घडले; आता त्याचे काय?’ असे कोणी विचारील. त्याचे उत्तर लडाखमध्ये मिळते. भारत आणि चीन यांच्यात १९९६ साली एक करार झाला. प्रत्यक्ष नियंत्रण रेषेपासून दोन किलोमीटरच्या आत कोणीही गोळीबार करू नये, असे त्यात ठरले. १५ जून २०२० च्या रात्री गलवान खोऱ्यात दोन्ही देशांच्या सैनिकांत चकमक झाली. हाडे गोठविणारी थंडी, विरळ हवा, अंधार, अरुंद कडे आणि खाली वाहणारी नदी! त्या ठिकाणी बंदुकीची एकही गोळी सुटली नाही. दगड, सोटे आणि हात यांनीच ती लढाई झाली. कर्नल संतोष बाबू यांच्यासह आपल्या वीस जवानांनी तेथे प्राण दिले. आपले चार सैनिक पडल्याचे चीननेही पुढे २०२१ साली मान्य केले. अणुबाँब बाळगणाऱ्या दोन राष्ट्रांचे शिपाई एकविसाव्या शतकात पुन्हा हातघाईवर आले! जुनी म्हणून सोडून दिलेली विद्या कधी लागेल, हे कोणीच सांगू शकत नाही.

ही विद्या केवळ मुलग्यांची, असेही कोणी समजू नये. लष्कराच्या पोलीस दलात शिपाई म्हणून मुलींची भरती होऊ लागली आणि त्यांची पहिली तुकडी २०२१ साली बंगळूर येथे शिक्षण पूर्ण करून बाहेर पडली. समतोल आणि सावधपणा हेच जिचे मूळ, त्या विद्येत देहाच्या आकारास फारसे महत्त्व नाही.

आता शेवटचा आणि सर्वांत अवघड धडा सांगतो. तो हात थांबविण्याचा आहे. सैन्यातील शिपाई आणि गल्लीतील गुंड यांत भेद कोणता? मारण्याचे बळ दोघांतही असेल. परंतु गुंडाचा हात रागाने उठतो. शिपायाचा हात आज्ञेने उठतो आणि आज्ञेने थांबतो. १९४९ सालच्या जिनिव्हा करारांनी जगातील राष्ट्रांस एक नियम घालून दिला आहे. जो शत्रू शस्त्र खाली ठेवून शरण आला, जो घायाळ होऊन पडला किंवा जो कैदी झाला, त्याच्यावर हात उगारू नये. उलट त्याची शुश्रूषा करावी. विचार करा, हे किती कठीण आहे! ज्याने क्षणापूर्वी आपल्या मित्रास मारले, त्याने हात वर करताच आपली उठलेली मूठ खाली घ्यावयाची. त्यासाठी मारण्यापेक्षा अधिक बळ लागते. आणि हे बळ दंडात नसते, मनात असते. म्हणून उस्ताद रंगरुटांस परस्परांशी झुंजवितात तेव्हा शिटी वाजताच ज्याचा हात थांबत नाही, तो कितीही बलवान असला तरी अजून कच्चाच असतो.

जो हात प्रहार करितो, तोच हात आधारही देतो. याची साक्ष मराठा पलटणीच्याच दुसऱ्या वीराने दिली. आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील शिपाई नामदेव जाधव इटलीतील सेनिओ नदीवर ९ एप्रिल १९४५ रोजी लढत होता. शत्रूच्या भडिमारात त्याने एका घायाळ सोबत्यास उचलले. खोल पाणी, उभा चढ आणि सुरुंग पेरलेली भूमी ओलांडून त्यास सुरक्षित जागी पोहोचविले. मग तो परत गेला आणि दुसऱ्यासही तसेच घेऊन आला. त्यानंतरच त्याने शत्रूच्या ठाण्यांवर चाल केली. हातास जखम होऊन बंदूक चालविता येईना, तेव्हा ती टाकून देऊन तो हातबाँबनिशी लढला. त्यासही ‘व्हिक्टोरिया क्रॉस’ मिळाला. त्याच्या पराक्रमाचा आरंभ मात्र मारण्याने झाला नाही, उचलून आणण्याने झाला, हे आपण विसरता कामा नये.

मुलांनो, तुमच्यापैकी थोडेच सैन्यात जातील. कोणी शेती करील, कोणी शिक्षक होईल, कोणी मिरकरवाड्याच्या धक्क्यावरून नौका हाकील. तथापि या विद्येचे सार प्रत्येकास उपयोगी आहे. पडल्यास उठावयास शिका. संकटात पाय रोवून उभे राहा. सोबत्यांच्या ठेक्यात आपला जोर मिळवा. शाळेच्या मैदानावर किंवा बाजारात कोणी डिवचले, तर मूठ वळण्यापूर्वी क्षणभर थांबा. ज्यास मारता येत नाही त्याचे थांबणे भीतीचे असू शकेल. परंतु ज्यास मारता येते आणि तरीही जो थांबतो, त्याच्या हाती दुबळ्यांचे आणि देशाचे रक्षण सोपवावे. हातघाईची विद्या असा मनुष्य घडविण्यासाठी आहे.

स्वाध्याय

१. ‘हातघाई’ या शब्दाचा मूळ अर्थ सांगून तो आज कोणत्या अर्थाने वापरतात ते लिहा.

२. नौकेवरील खलाशी आणि मैदानावरील रंगरूट यांच्या शिक्षणात लेखकास कोणते साम्य दिसते?

३. रंगरुटास प्रथम पडण्यास का शिकवितात?

४. गलवान खोऱ्यातील प्रसंग या पाठात कोणता विचार पटविण्यासाठी सांगितला आहे?

५. ‘त्यासाठी मारण्यापेक्षा अधिक बळ लागते,’ असे लेखक कोणत्या प्रसंगाविषयी म्हणतो? तुमचे मत आठ ते दहा ओळींत लिहा.

६. वाक्यांत उपयोग करा : अंगवळणी पडणे, पाय रोवणे, दोन हात करणे, मात करणे.

७. तुमच्या गावातील तालमीत, आखाड्यात किंवा बंदरावर जाऊन तेथील वडीलधाऱ्यांस नवशिक्यास प्रथम काय शिकवितात हे विचारा, आणि मिळालेली माहिती आपल्या शब्दांत लिहा.